नाव घेते, घरी चला

काल तुमचं तेराव्याचं गोडाचं जेवण झालं. पंगती उठल्या, पाहुणे आपापल्या गावी गेले, मागून आणलेली पातेली सूनबाई परत करून आली आणि मी ओटीवर पाय पसरून बसले. दोन वर्षांत पहिल्यांदाच अशी बसले, की कुणाच्या मागे उठून धावायचं नाही. वाटलं होतं, बसल्या बसल्या डोळा लागेल. नाही लागला. कान आपले दाराकडेच. म्हणून आज तुमच्या दौतीतली वाळलेली शाई पाणी घालून पातळ केली आणि लिहायला घेतलं आहे.

आयुष्यभर ‘इकडून येणं झालं’, ‘इकडे सांगायचं होतं’ असंच तुमच्याशी बोलले. आता सरळ ‘तुम्ही’ लिहिते आहे. रागवायला तुम्ही नाही आणि मला असं आडून बोलायचं त्राण नाही. एक जुनी गोष्ट मात्र मोडवत नाही. तुमचं नाव जिथे येईल तिथे मी नुसती रेघ ओढते. बायकोने नवऱ्याचं नाव उच्चारलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूबाई सांगत. आता कमी व्हायला काही उरलेलं नाही, तरी हात अडतो.

लिहायला तुम्हीच शिकवलंत. सासूबाई देवळात गेल्या की माजघरात पाटी सरकवायचात आणि स्वतः दाराशी पहाऱ्याला बसायचात. बाराखडी झाली, जोडाक्षरं झाली, गावांची नावं झाली, गाईचं नाव झालं. एकदा मी म्हटलं, आता तुमचं नाव शिकवा. तुम्ही हसलात. “ते सोडून सगळं लिही. ते माझं मी लिहीन.” मग मीही कधी हट्ट धरला नाही. ज्याने अक्षर दिलं त्याचंच नाव माझ्या हातून कधी उतरलं नाही, हे तेव्हा मला मजेचं वाटलं होतं.

तुमची सगळी नोकरी मीठ खात्यात गेली. ठाण्याच्या टेंभीवरच्या घरातून निघायचं, आगगाडीचे रूळ ओलांडायचे, कोपरीवरून खाडीकडे उतरायचं आणि दिवसभर मिठागरांच्या बांधांवरून फिरायचं. डोक्याला पागोटं, हातात छत्री, काखेत वही. चालणं असं की मागच्याला धाप लागावी. लग्नाला जा, देवळाला जा, तुम्ही पुढे आणि मी वीस पावलं मागे. रीतच होती, तिची तक्रार नाही. पण रीत पाळणारे पुरुषही कोपऱ्यावर जरा थांबतात. तुम्ही कधी थांबला नाहीत, कधी वळून पाहिलं नाहीत. यावरून आपलं एकदा कडाक्याचं वाजलं होतं. कल्याणला देवीच्या जत्रेत मी गर्दीत मागे राहिले, लहानगा गणू कडेवर, आणि तुम्ही सरळ टेकडी उतरून निघून गेलात. घरी आल्यावर म्हणालात, “तू येतेस हे मला ठाऊक असतं. वळून काय बघायचं?” मी दोन दिवस बोलले नाही. ते भांडण मिटलं कधीच नाही, नुसतं जुनं झालं.

पेन्शन घेतलीत त्याच्या चौथ्या वर्षी तुम्ही पुन्हा कामावर जायला लागलात. सकाळी पागोटं घातलेलं पाहून मी विचारलं, स्वारी कुठे? तर म्हणालात, “आज आगरावर मिठाचा तोल आहे.” मला वाटलं, जुन्या माणसांना भेटायला जाताय. बरं वाटलं. मग एक दिवस जेवून हात धुतलेत आणि अर्ध्या घटकेने विचारलंत, “आज स्वयंपाक नाही का केला?” मी म्हटलं, आत्ता तर जेवलात. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं काही मी खोटं बोलतेय. मी पुन्हा वाढलं. तुम्ही दोन घास खाल्लेत आणि आमटीत मीठ जास्त म्हणालात. मीठ खात्यातल्या माणसाच्या घरात ते वाक्य मी हजारदा ऐकलं होतं, त्यामुळे त्या दिवशी मला जरा धीरच आला.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली, डोक्याला चोळायला ब्राह्मीचं तेल दिलं आणि ओटी उतरताना हळूच म्हणाले, “वयाचं आहे, बाई.” शेजारच्या काकूंनी हळू बोलायचीही तसदी घेतली नाही. “साठी बुद्धी नाठी, तसं ते,” म्हणाल्या. तुम्ही तिथेच बसला होतात. तुम्हाला कळलं. तुमचे कान लाल झाले. माणसाला सगळं विसरता येतं, अपमान तेवढा पटकन कळतो.

पहिल्यांदा हरवलात तो दिवस माझ्या हाडात बसला आहे. सकाळी गेलेले तुम्ही दिवस कलला तरी आला नाहीत. गणू कल्याणला, मुन्सफ कोर्टात कारकून, शनिवारी यायचा. हा होता मंगळवार. मी तलावाच्या काठाने पाहिलं, बाजारात पाहिलं आणि शेवटी पदर डोक्यावर ओढून एकटी चौकीत जाऊन उभी राहिले. हवालदाराने वही काढली.

“हरवलेल्याचं नाव?”

मी पदर तोंडाशी धरला.

“बाई, नाव सांगा. कोण हरवलंय?”

“आमच्या घरातले.”

“घरातले म्हंजे? मालक? मग त्यांचं नाव काय?”

आता काय सांगू? मी म्हटलं, “बळीराजाला पाताळात घातलं ना देवाने, तेच नाव.” सरळ होतं. कुठल्याही पोराने ओळखलं असतं. हवालदाराने मिशीवरून हात फिरवला, दोनदा मान हलवली आणि म्हणाला, “आलं ध्यानात. विष्णू.” आणि लिहिलं, विष्णुपंत. मला ते वहीत उलटं दिसत होतं, वाचता येत होतं, आणि चूक आहे एवढं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. त्याचं तरी काय चुकलं? देव तोच. मी म्हणाले असते, लिहून देते, तर तो खुर्चीवरून पडला असता. पण तेही मनात आलं नाही, कारण ते नाव लिहायलाही हात धजला नसता.

दिवेलागणीला दोन शिपाई एका पागोटेवाल्या, छत्रीवाल्या म्हाताऱ्याला घेऊन दारात. तो बिचारा हातातली पडवळं सांभाळत ओरडत होता, “अरे, मी हरवलेलो नाही! मी विष्णुपंतच आहे, पण मी भाजीला गेलेलो!” शिपाई म्हणत होते, “सगळे असंच म्हणतात, चला.” आज हे लिहिताना मला हसू येतंय. तेव्हा मी त्या माणसाच्या पायाशी बसून रडले. तो इतका घाबरला, की पडवळं तिथेच टाकून गेला.

तुम्हाला आणलं फिलूने. कोपरीच्या खालच्या अंगाला तिच्या माणसांचं मिठागर, कुटुंब क्रिस्तांव, तुमच्या ओळखीचं जुनं. गुडघ्यापर्यंत चिखल, लुगडं वर खोचलेलं, आणि तुमचा हात तिच्या हातात. माझ्या डोळ्यांदेखत परक्या बाईने तुमचा हात धरला होता आणि मला त्याचं काही वाटलं नाही, इतकी मी थकले होते.

“बाय, आमचे बांदावर उबे होते. मना बोलले, वजन नीट कर. मी बोललं, करते, रावसाब. पन भरती चरायला लागली, म्हनून घेऊन आले.”

पंधरा दिवसांनी तुम्ही पुन्हा गेलात. या वेळी चौकी नको, असं ठरवून मी सरळ कोपरीची वाट धरली. रूळ ओलांडताना दोन्हीकडे पाहिलं. तुम्ही हे रोज ओलांडता, ते बघून की न बघता, कुणास ठाऊक. खाली पोचले तर तुम्ही त्या अरुंद बांधावर, दोन्ही अंगांना पाणी, आणि तुम्ही खाडीच्या दिशेने चाललेले. मी ओरडले, “अहो! ऐकलंत का!” वारा होता. पुन्हा ओरडले. हीच हाक मी माजघरातून मारली की तुम्ही ओटीवरून ‘काय?’ म्हणायचात. एवढी वर्षं हीच हाक तुमची होती. त्या दिवशी तुम्ही तिला ओळखच दिली नाहीत. चालत राहिलात.

बाजूच्या कुडणात, मिठाच्या वाफ्यात, फिलू मीठ ओढत होती. तिने कमरेवर हात ठेवले आणि तुमचं नाव घेऊन एकच हाक दिली. तुम्ही जागीच वळलात. “कोण आहे?” म्हणालात.

“बगतेस ना, बाय?” फिलू मला म्हणाली. “ढोरू पन नावान हाक मारली का वलून बगतं. यो तं मानुस हाय. नाव घे तू.”

“आमच्यात घेत नाहीत.”

“मं कवा घेशील? खारीत बुरल्यावं?”

परतीच्या वाटेवर तुम्ही पुढे, मी मागे. मी सारखी मनात तुमचं नाव उच्चारून बघत होते आणि ते दातांशी येऊन अडत होतं. मग आठवलं, नाव घ्यायची एक वाट आपल्यात आहे की! मंगळागौरीला, बारशाला, हळदीकुंकवाला सगळ्या जणी घेतात, आणि तेव्हा कुणाचंही आयुष्य कमी होत नाही. उखाण्यात घेतलेलं नाव चालतं. लग्नातला माझा उखाणा मी विसरले होते. पण खाडी नुकतीच पाहिली होती. चर्चच्या भिंतीशी तुम्ही घराकडे वळायचं सोडून पुन्हा रुळांकडे वळलात आणि मी भर रस्त्यात, भाजीवाल्यांच्या देखत, मोठ्याने म्हटलं:

“खाडीला येते भरती, मग ओहोटी, ——रावांचं नाव माझ्या ओठी!”

तुम्ही थांबलात. वळलात. आणि हसलात. असे हसलात की मला माजघरातली पाटी आठवली. “वा! कुणाची बायको नाव घेते आहे?”

“तुमचीच,” म्हटलं. “नाव घेते, घरी चला.”

आणि तुम्ही आलात.

तेव्हापासून आपलं हेच चाललं. तुम्हाला घरात बसवणं शक्य नव्हतं, एवढं मला दोन आठवड्यांत कळलं होतं. बसवलं की तुम्ही चिडायचात, रडायचात, एकदा तर खुंटीवरचं पागोटं काढून दारावर आपटत राहिलात. बाहेर पडलात की मात्र तुम्ही पूर्वीचे व्हायचात. म्हणून जाऊ द्यायचं आणि मागून जायचं. आधी मी चुकत होते. हात धरायची, पुढे होऊन वाट अडवायची, ‘इकडे नाही, तिकडे’ म्हणायची. तुम्ही हात झटकायचात. मीठ खात्यातल्या माणसाला बायकोने वाट दाखवायची म्हणजे काय? मग मी जुन्या रीतीलाच धरलं. तुम्ही पुढे, मी वीस पावलं मागे. बरोबर चाललात की मी गप्प. चुकलात की उखाणा. तुम्ही वळायचात, माझ्या मागची वाट तुमच्या नजरेस पडायची आणि तुम्हाला वाटायचं, वाट तुम्हीच शोधलीत. मी कधी सांगितलं नाही. सासूबाईंनी शिकवलेली मागून चालायची रीत म्हातारपणी अशी कामाला येईल, हे त्यांनाही वाटलं नसेल.

घर ओळखायची वेगळीच पंचाईत. तीन घरं सारखी, तीन ओट्या सारख्या. मी दारावर तोरण लावलं, गेरूची पट्टी ओढली, तुम्ही सरळ पुढे निघून जायचात. फिलूला सांगितलं तर तिने दुसऱ्या दिवशी पाटीभर मीठ आणून ओटीच्या कोपऱ्यावर ढीग घातला, तुमच्या आगरात घालतात तसा. त्या संध्याकाळी तुम्ही ढिगापाशी थांबलात, चिमूटभर उचलून बोटांत चोळलंत आणि म्हणालात, “माल चांगला आहे. कुणाचा?” म्हटलं, आत या, सांगते. आलात. काकूंनी आळीभर केलं, की मी दारात मीठ टाकून कुणावर तरी करणी करतेय. मी म्हटलं, हो, नवऱ्यावर. पावसाळ्यात ढीग विरघळून ओटीवरून ओघळायचा, की मी नवा घालायची.

हे सगळं ऐकायला बरं वाटतं. करताना जीव मेटाकुटीला येई, तेही लिहिलं पाहिजे. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. माझा उजवा गुडघा सुजून भोपळा व्हायचा. वाटेत तेच प्रश्न. “आज वार कोणता?” सांगितलं की दहा पावलांवर पुन्हा. रात्री अंथरुणावर पडल्यावर तुमच्या पावलांचा आवाज डोक्यात चालूच. मला तुमचा राग यायचा. मग रागाची लाज वाटायची. मग लाजेचाही कंटाळा आला.

पण एक गोष्ट सांगते. त्या दोन वर्षांत तुम्ही जितकं वळून पाहिलंत, तितकं सगळ्या संसारात पाहिलं नव्हतंत. प्रत्येक उखाण्याला थांबायचात, वळायचात, आणि मी येईपर्यंत उभे राहायचात. मी कोण, हे शेवटच्या वर्षी तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला ‘बाई’ म्हणायचात. पण नाव घेणारी बाई आपली आहे, एवढं ठाऊक होतं. कोपऱ्यावर थांबलेले तुम्ही मला फार देखणे दिसायचात. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

गणूला यातलं काही रुचलं नाही. त्याची बाजूही खोटी नव्हती. एका शनिवारी आला तो छत्री न ठेवताच बोलायला लागला.

“आई, कल्याणला कोर्टात मला विचारतात, ठाण्याला रस्त्यात नवऱ्याचं नाव घेत फिरते ती तुझ्या आळीतलीच ना? काय सांगू मी?”

“सांग, माझी आई आहे.”

“हसण्यावारी नेऊ नकोस गं. आणि लोक जाऊ देत. तात्या एक दिवस रुळांवर उभे राहतील आणि तू वीस पावलं मागे असशील. तेव्हा उखाणा म्हणणार आहेस? गाडीला?”

मी म्हटलं, “घरात कोंडले तर ते तसेही जातील.” तो म्हणाला, “निदान घरात जातील.” आणि दुसऱ्या दिवशी त्याने पुढच्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतली. मी ती लावली नाही. तो यायचा तेव्हा कडी पाहायचा, तिच्यावर धूळ पाहायचा, बोलायचा नाही. बापावर त्याचा जीव होता, म्हणूनच कडी आणली होती, हे मला कळत होतं. दोघंही खरे असलो की भांडण मिटत नाही.

आता ती दुपार लिहिते. याच्यासाठीच शाई पातळ केली आहे.

पौषातली थंडी. सकाळपासून तीन वेळा तुमच्या मागून खाडीपर्यंत जाऊन आले होते. तिसऱ्या वेळी रुळांपाशी माझा गुडघा वळला आणि मी खडीवर बसले. तुम्ही थांबलात, म्हणून निभावलं. घरी येऊन मी पाय शेकायला घेतला, तोच तुम्ही पागोटं घातलंत. “आज तोल आहे.” मी उठले, तुमच्या आधी बाहेर आले, दार ओढलं आणि कडी लावली. ओटीवर दाराला पाठ टेकून बसले.

तुम्ही दार ढकललंत. मग थांबलात. मला वाटलं, आता आपटाल. आपटलं नाहीत. आतून हळू आवाजात म्हणालात, “बाई, माझं नाव घ्या ना. मला घरी जायचंय.”

मी गप्प.

“बाई, आहात ना? नाव घ्या.”

मग तुम्ही स्वतःच सुरू केलंत. “खाडीला येते भरती, मग ओहोटी…” आणि अडलात. पुन्हा पहिल्यापासून म्हणालात, पुन्हा तिथेच अडलात. पुढचा शब्द तुमचाच होता आणि तो तुम्हाला सापडत नव्हता. तुम्ही दाराच्या आत शोधत होतात, मी बाहेर ऐकत होते. एक शब्द द्यायचा होता. दोन वर्षं ज्या तोंडातून तो दिवसाला चाळीसदा निघाला, ते तोंड मी मिटून ठेवलं. नाव घेतलं असतं, तर दार उघडावं लागलं असतं. दार उघडलं असतं, तर चालावं लागलं असतं. एवढंच कारण. दुसरं काहीही नाही.

मग आतला आवाज थांबला. बऱ्याच वेळाने मी दार उघडलं तेव्हा तुम्ही पागोटं मांडीवर घेऊन पाटावर बसला होतात, परक्याच्या घरी बसावं तसे. म्हणालात, “इथले लोक कुठे गेले, बाई?”

त्यानंतर तुम्ही बाहेर जायचं म्हणालाच नाहीत. मी दार सताड उघडं ठेवलं, पागोटं हातात दिलं, उखाणा म्हटला. तुम्ही हसलात देखील, पण उठला नाहीत. चौथ्या दिवशी ताप चढला. आठव्या दिवशी संपलं.

भेटायला आलेल्या काकू माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “येता-जाता नाव घेत होतीस बाई, आयुष्य झिजणार नाही तर काय?” पूर्वी मी त्यांना सडेतोड काही सुनावलं असतं. मी नुसती मान हलवली. त्यांना काय सांगू? नाव घेतलं त्याचं मला काही नाही. नाही घेतलं, त्याचं आहे.

दहाव्याला पुरुषमाणसं खाडीवर गेली. मी घरात. ऊन वर आलं तरी कुणी परतेना, तेव्हाच मी ओळखलं की पिंडाला कावळा शिवत नाही. सूनबाई घाबरून माझ्याकडे बघत होती. मला कारण ठाऊक होतं. कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मी त्या दाराकडे तोंड करून बसून राहिले.

गणू आला तो भर दुपारी. हजामत केलेलं डोकं, चेहरा उन्हाने रापलेला. ओटीवर, तुमच्या मिठाच्या ढिगाशेजारी बसला.

“शिवेना गं,” म्हणाला. “आजूबाजूला पाच-सहा बसले होते. एक पुढे येईना. मामा म्हणाले, आईला सांभाळेन म्हण. म्हटलं. नातवाची मुंज करेन म्हण. म्हटलं. मी मनातल्या मनात कडीची पण माफी मागितली. नाही. भटजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करू. ते दर्भ निवडायला लागले…”

“मग?”

तो माझ्याकडे बघेना. मिठात बोट फिरवत बसला.

“मग मी तुझा उखाणा म्हटला.”

“सगळ्यांसमोर?”

“मोठ्याने. खाडीकडे तोंड करून. मामा तर माझा दंडच धरायला आले, त्यांना वाटलं, तात्यांचं ते याला पण झालं.”

“सगळा म्हटलास?”

“सगळा. तात्यांच्या नावासकट. शेवटी ते, नाव घेते, घरी चला, तेपण.”

“मग?”

“मग शिवला.”

कावळा भुकेला असेल. माणसं जरा मागे सरली असतील, म्हणून धीर झाला असेल. मला आता खरं-खोटं करत बसायचं नाही. गणूला त्या दुपारची गोष्ट मी सांगितलेली नाही आणि सांगणारही नाही. माझ्या तोंडात अडकून राहिलेला शब्द, काही ठाऊक नसताना, त्याने तिथे जाऊन दिला. ज्याची त्याला दोन वर्षं लाज वाटत होती, तोच शब्द. त्याला जवळ घेऊन मी रडले, तो म्हणाला, “अगं, रडतेस काय, शिवला ना?” मग उठला आणि वरवंट्याने ठोकून ठोकून दाराची कडी काढून टाकली. लाकडात चार भोकं राहिली आहेत. ती मी बुजवणार नाही.

विधवेला कुणी नाव घे म्हणत नाही. हळदीकुंकवाला मला आता बोलावणं नाही, बारशाला कुणी माझी वाट अडवणार नाही. हे तोंड त्या नावाच्या सवयीचं झालं आहे आणि त्याला आता जागा नाही. म्हणून इथे लिहिते. इतका वेळ रेघ ओढली, आता ओढत नाही. ‘ते माझं मी लिहीन’ म्हणाला होतात, पण तुम्ही काही आता लिहीत नाहीत. पहिल्यांदाच काढते आहे, अक्षर वाकडं आलं तर चालवून घ्या.

खाडीला येते भरती, मग ओहोटी,
वामनरावांचं नाव माझ्या ओठी.

घेतलं नाव. दार उघडं आहे. तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून. गुडघा दुखतो, वेळ लागेल. कोपऱ्यावर मात्र जरा थांबा.